गुडघा गेला, म्हणून फिजिओ?

वेस्ट यॉर्कशायरमधून एका आईचं पत्र आलं आहे. मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या, गेली चोवीस वर्षं इंग्लंडमध्ये. त्या औषधांच्या दुकानात काम करतात, यजमान इंजिनिअर आहेत. मुलगा तेवीस वर्षांचा, तिथेच जन्मलेला. सोळाव्या वर्षी त्याची एका मोठ्या रग्बी लीग क्लबच्या अकादमीत निवड झाली. वरच्या संघाकडून तो चार सामने खेळला. मग क्लबने करार वाढवला नाही. आता तो दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडून अर्धवेळ खेळतो. उजव्या गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे सांधा जागेवर धरणारा आतला बंध, दुसऱ्यांदा फाटलं. शस्त्रक्रियेला पाच महिने झालेत. गेल्या महिन्यात जेवताना तो म्हणाला, ‘मी फिजिओथेरपी शिकणार.’ वडील म्हणाले, ‘एवढं सगळं करून शेवटी मालिशच करणार का?’ तेव्हापासून बाप-लेकात बोलणं नाही.

आईचं म्हणणं असं: त्याची सात वर्षं वाया गेली. हा निर्णय त्याने दुःखात घेतलाय, म्हणून तो टिकणार नाही. क्लबच्या फिजिओने वाईट दिवसांत जीव लावला, म्हणून याला तसंच व्हायचंय. मग शिक्षणाला हो म्हणावं, की पुढे चुटपुट नको म्हणून आणखी दोन वर्षं खेळू द्यावं? आणि शेवटी एक लहानसा प्रश्न: त्याच्या खोलीत भिंतीवर जर्सी लावल्या आहेत, तो त्यांच्याकडे बघत बसतो. तो घरी नसताना त्या काढून ठेवू का?

*

तुमचं पत्र वाचून झाल्यावर थोडा वेळ नुसती बसून राहिले. मी परळला फिजिओथेरपी शिकले आणि पुढची सव्वीस वर्षं यॉर्कशायरच्या हॉस्पिटलांमध्ये काढली. त्यामुळे तुमचं घर मला डोळ्यांसमोर दिसत होतं. जिन्याखाली चिखलाचे बूट, फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या, आणि जेवणाच्या टेबलाभोवती गप्प बसलेली तीन माणसं.

आधी तुमच्या त्या वाक्याबद्दल बोलू. ‘निर्णय दुःखात घेतलाय, म्हणून तो टिकणार नाही.’ यातला पहिला अर्धा खरा असेलही, पण दुसरा त्यातून निघत नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या फिजिओंना विचारलंत तर कुणाचा स्वतःचा पाय मोडला होता, कुणाच्या आजोबांना अर्धांगवायू झाला होता. मी या वाटेला आले ती आत्यामुळे. तिला लहानपणी पोलिओ झाला होता आणि ती कॅलिपर घालून चाळीचा जिना चढायची. तिचा तो खट्-खट् आवाज मला अजून ऐकू येतो. दुःखाच्या दारातून या पेशात येणारे खूप आहेत, आणि त्यातले बरेच चांगले निघतात.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या मुलाने या पेशाच्या घराची एकच खोली पाहिली आहे.

त्याने पाहिलेला फिजिओ कसा असतो ते सांगते, कारण इकडच्या वाचकांना तो खेळच माहीत नसेल. रग्बी लीगमध्ये दोन्हीकडे तेरा-तेरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला समोरचे दोघे-तिघे मिळून आडवा करतात. आपल्या कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे तो शंभर किलोचा गडी पूर्ण वेगात आलेला असतो. खाली पडलेला उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो, आणि पुन्हा तेच. असं सहा वेळा, की चेंडू समोरच्यांकडे. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात तीस-चाळीस वेळा असा कुणाला तरी अडवतो. आणि यात फिजिओ मैदानावर धावत येतो तो बहुतेकदा खेळ न थांबता. खेळ वीस यार्ड पुढे सरकलेला असतो, आणि मागे गवतावर गुडघे टेकून एक माणूस आडव्या पडलेल्या मुलाच्या डोळ्यांत बघून विचारत असतो, ‘कुठे आहेस? आपण कुणाशी खेळतोय?’ सामन्याआधी घोट्यांना पट्ट्या तोच बांधतो. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ‘दाब, धर, सोड’ असं दिवसातून शंभर वेळा तोच करून घेतो. संघ दौऱ्यावर गेल्यावर जखमी मुलाबरोबर रिकाम्या जिममध्ये थांबतो तोही तोच. अशा माणसाबद्दल तेवीस वर्षांच्या मुलाला ओढ वाटली, यात त्याचं काय चुकलं?

पण ही एकच खोली. वरच्या श्रेणीत डझनभर-चौदा क्लब, आणि प्रत्येकाकडे पूर्णवेळ फिजिओ एक-दोन, फार तर तीन. पदवी घेऊन बाहेर पडलेली बहुतेक मुलं आधी हॉस्पिटलांमध्येच लागतात. अभ्यासक्रमाचा मोठा भागही तिथलाच. इंग्लंडमध्ये पदवी मिळेपर्यंत विद्यार्थ्याला साधारण हजार तास प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काढावे लागतात. छातीत कफ साठलेला आयसीयूतला रुग्ण, खुबा मोडलेली ब्याऐंशी वर्षांची आजी, पार्किन्सनमुळे दाराच्या उंबऱ्यात पाय थिजलेले गृहस्थ, आणि पक्षाघाताचा वॉर्ड. तिथे ना टाळ्या, ना स्कोअरबोर्ड. पलंगापासून संडासापर्यंतची चार मीटर हाच तिथला सामना.

मला एक विद्यार्थी आठवतो. आठ वर्षं रग्बी लीग खेळून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा, मान आणि खांदा एकच वाटावा असा. पक्षाघाताच्या वॉर्डात तो माझ्या हाताखाली आला. आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ होते, खाणकामगारांच्या गावातले. डावी बाजू गेलेली. उभं करायला गेलं की भीतीने मागे रेलायचे. पहिल्या आठवड्यात या मुलाने त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात हात घातला आणि जवळजवळ उचलूनच उभं केलं. चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला बोलायला जड गेलं. पण बोलले. म्हटलं, ‘उभा तू राहिलास, ते नाही राहिले.’

आडदांड मुलांची ही नेहमीची चूक. ताकद असली की हात आपोआप रुग्णाचं काम करून टाकतात. फिजिओला शिकायचं असतं ते हात काढून घ्यायला, आणि काढायचे कधी, हे ओळखायला.

तिसऱ्या आठवड्यात मी पडद्याआडून पाहिलं. तो त्यांच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसला होता, हात स्वतःच्या मांड्यांवर. बोलता बोलता त्याला कळलं होतं की म्हातारबुवा तरुणपणी शनिवारी गावच्या संघातून खेळायचे. तो म्हणाला, ‘तुम्हाला आडवं केलंय. आता उठा आणि चेंडू मागे सरकवा.’ खाली पडलेला खेळाडू उठताना काय करतो? पाय अंगाखाली ओढतो, छाती पुढे नेतो, नाक पावलांच्या पुढे जातं, मग उठतो. खुर्चीतून उठायलाही नेमकं हेच करावं लागतं, आणि तीन आठवडे आम्ही तेच कोरड्या शब्दांत सांगत होतो. म्हाताऱ्याने उजवा पाय आपणहून मागे घेतला. डाव्याकडे नुसतं बघितलं. मुलाने डाव्या टाचेमागे दोन बोटं टेकवली, एवढंच. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा ते उठले आणि चार आकडे मोजेपर्यंत उभे राहिले. खाली बसले तेव्हा दोघांनाही घाम फुटला होता.

यात चमत्कार काही नव्हता. पुढे कित्येक आठवडे लागले, आणि ते घरी गेले तेव्हाही हातात वॉकर होता. पण त्या दिवशी मला कळलं की हा मुलगा या पेशात राहणार. तो क्लबमध्ये गेलाच नाही. आता घरोघरी जाऊन, पडून हाडं मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला लावतो.

म्हणून तुमच्या मुलाला ‘तुला खरंच फिजिओ व्हायचंय का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडे आत्ता नाही, आणि आई-वडिलांनी विचारलं की तो ‘हो’च म्हणणार. त्याला खेळ नसलेल्या खोलीत पाठवा. हॉस्पिटलांत थेरपी असिस्टंटच्या जागा निघतात, पदवी लागत नाही. पगार बेताचा, काम अंगमेहनतीचं. वृद्धाश्रमात आठवड्यातून दोन दिवस स्वयंसेवक म्हणूनही घेतात. गुडघा पूर्ण बरा होईपर्यंत जड कामं त्याला जमणार नाहीत, हे अर्जातच स्पष्ट लिहावं. चार-सहा महिने झाले, की घरी आल्यावर तो काय बोलतो ते ऐका. तो वॉर्डातल्या आजींबद्दल बोलत असेल, त्यांना आज काय जमलं ते सांगत असेल, तर पुढे काही विचारायची गरज नाही. तो फक्त ‘क्लबमध्ये जागा कधी निघेल’ एवढंच म्हणत असेल, तर त्याला खेळाचं घर सोडवत नाहीये, आणि तो दुसऱ्या दाराने परत शिरू बघतोय. तेही गैर नाही. मग प्रशिक्षक, फिटनेस, शाळेत खेळ शिकवणं, अशा त्याला जवळच्या वाटा आहेत. पण त्यासाठी फिजिओथेरपीची तीन वर्षं घालवू नयेत.

आता सात वर्षं ‘वाया’ गेल्याबद्दल. हा खेळ जन्मला तोच या वादातून. २९ ऑगस्ट १८९५ रोजी तुमच्या शेजारच्या हडर्सफील्डमध्ये, जॉर्ज हॉटेलात, उत्तरेकडच्या क्लबांची बैठक झाली. खाणीत आणि गिरणीत राबणारी माणसं शनिवारी खेळायला आली की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी, दिवसाला सहा शिलिंगपर्यंत, एवढंच क्लबांचं म्हणणं होतं. रग्बीचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या मंडळींना ते मान्य नव्हतं. क्लब फुटून निघाले आणि पहिल्या हंगामात बावीस जण झाले. त्यानंतर शंभर वर्षं या खेळातले बहुतेक खेळाडू कामधंदा सांभाळून खेळले. १९९६ मध्ये सुपर लीग ही वरच्या श्रेणीची स्पर्धा आली आणि मग कुठे वरच्या श्रेणीतल्या मुलांचं पोट नुसत्या खेळावर भरायला लागलं. तेव्हा खेळाच्या जोडीला, किंवा खेळानंतर, दुसरं काम हातात घेणं म्हणजे या खेळात हार मानली जात नाही. ही तिथली जुनी रीत आहे. तुमच्या गल्लीतल्या सत्तरीच्या एखाद्या इंग्रज आजोबांना विचारा, ते तुम्हाला गवंडी, पोलीस, मास्तर असलेले दहा खेळाडू मोजून दाखवतील.

या वर्षांत त्याने कमावलेलं बरंच आहे. वेळेवर उठणं, कंटाळवाणी गोष्ट रोज करणं, सगळ्यांसमोर चूक झाल्यावर पुढच्या मिनिटाला पुन्हा उभं राहणं. पण एक गोष्ट त्याला विसरावीही लागेल. खेळाडू दुखणं लपवायला शिकतो. ‘ठीक आहे, खेळतो’ हे वाक्य त्याच्या तोंडात बसलेलं असतं. असा मुलगा फिजिओ झाला की सुरुवातीला रुग्णाच्या वेदनेकडे नकळत कानाडोळा करतो. मी सहन केलं, मग तुम्हाला काय झालं, असं त्याच्या आवाजात उमटतं. दोनदा गुडघा फाटला म्हणून दुसऱ्याचा गुडघा आपोआप कळत नाही. हे त्याला कुणीतरी आधीच सांगायला हवं. तुम्ही नको, त्याचा तो लाडका फिजिओ सांगेल.

आता तुमच्या यजमानांचं ‘मालिश’. तो शब्द मुलाला लागला, हे खरं. पण खुद्द फिजिओंना त्याची लाज वाटण्याचं कारण नाही. १८९४ मध्ये, म्हणजे रग्बी लीगच्या बरोबर एक वर्ष आधी, लंडनमध्ये चार नर्सेसनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिश करणाऱ्यांची संस्था काढली. मालिशच्या नावाखाली नको ते धंदे चालत होते, आणि आपलं काम त्यापासून वेगळं, सचोटीचं राहावं असं त्यांना वाटत होतं. त्याच संस्थेला १९२० मध्ये राजसनद मिळाली, आणि आज ब्रिटनमधल्या फिजिओंची व्यावसायिक संघटना तीच. आपल्याकडे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएममध्ये या विषयाची शाळा सुरू झाली, ती पोलिओच्या मुलांना उभं करण्यासाठी. मुलाच्या वडिलांना हे सांगा, पण वाद जिंकायला म्हणून नको.

कारण तुम्ही पत्रात एक ओळ सहज लिहून गेलात: ‘हे स्वतः तालुक्याला कबड्डी खेळायचे, दहा वर्षं पहाटे गाडी काढून त्याला सरावाला नेलं.’ अहो, दहा वर्षं थंडीत गाडीची काच खरवडणाऱ्या त्या माणसाचाही खेळ सुटतोय. मुलाला निदान जखमी म्हणून सगळे विचारतात. बापाला कोण विचारतं? ते ‘मालिश’ म्हणाले तेव्हा पेशाला नावं ठेवत नव्हते, असं मला वाटतं. त्यांना ‘संपलं का रे सगळं?’ असं विचारायचं होतं आणि विचारता आलं नाही. एखाद्या रविवारी दोघांना गाडीत बसवून कुठल्याही गावच्या मैदानावर सामना बघायला पाठवा. तुम्ही जाऊ नका. समोरासमोर न बसता शेजारी शेजारी उभं राहून बोलणं बाप-लेकांना सोपं जातं.

‘दोन वर्षं आणखी खेळू दे’ याचं उत्तर तुम्ही किंवा मी द्यायचं नाही. दुसऱ्यांदा केलेल्या एसीएलवर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणं म्हणजे तिसऱ्यांदा फाटण्याला आमंत्रण. महिने भरले तरी दोन्ही मांड्यांची ताकद मोजून, उड्या मारून, वळून बघून मगच ठरवायचं असतं. सर्जनला त्याने एकट्याने नीट विचारावं: चाळिशीत हा गुडघा कसा असेल? हा प्रश्न तेवीस वर्षांची मुलं विचारत नाहीत.

आणि एक गोष्ट मला खटकली. तुमचं पत्र दोन पानांचं आहे. त्यात गुडघा भरपूर आहे. डोकं कुठेच नाही. सात वर्षांत त्याला किती वेळा डोक्याला मार लागून बाहेर बसवलं? आणि न बसवताच किती वेळा झालं असेल? अलीकडच्या वर्षांत काही माजी खेळाडूंनी डोक्याच्या दुखापतींवरून खेळाच्या संस्थेविरुद्ध कोर्टात दावे लावले आहेत, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तुम्हाला घाबरवायचं नाही. पण ज्याला आता अॅनाटॉमीची जाडजूड पुस्तकं पाठ करायची आहेत, त्याने झोप, डोकेदुखी, वाचताना लक्ष उडणं याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणी बोललं पाहिजे. खेळत राहायचं की नाही, याच्या तराजूत गुडघ्याइतकंच हेही पडायला हवं.

खेळ आणि शिक्षण एकत्र चालेल का? दुसऱ्या श्रेणीत सराव संध्याकाळी असतो, त्यामुळे वर्गाच्या दिवसांत कसंबसं जमतं. हॉस्पिटलातल्या आठवड्यांत मात्र दिवसभर पायांवर उभं राहून, कधी दीड तास प्रवास करून, मग अंधारात सरावाला जायचं. मी काहींना ते करताना पाहिलं आहे. गुडघा धडधाकट असलेल्यांना. तुमच्या मुलाला मी पहिलं वर्ष तरी न खेळता काढायला सांगेन.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. सगळ्यात मोठा खड्डा नावात आहे. ब्रिटनमध्ये ‘फिजिओथेरपिस्ट’ हे नाव कायद्याने राखलेलं आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. ‘स्पोर्ट्स थेरपी’, ‘स्पोर्ट्स रिहॅबिलिटेशन’ अशा पदव्या जाहिरातीत तशाच दिसतात, खेळाडू मुलं भुलून तिकडे जातात आणि तीन वर्षांनी कळतं की हॉस्पिटलातली फिजिओची नोकरी त्यावर मिळत नाही. त्या पदव्या वाईट नाहीत, वेगळ्या आहेत. अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रम त्या कौन्सिलच्या यादीत आहे का, हे बघायचं. अकादमीच्या कॉलेजात त्याने बीटेक (आपली इंजिनिअरिंगची पदवी नव्हे, तिथला बारावीच्या पातळीचा व्यवसाय-अभ्यासक्रम) केलं असेल, तर ते कुठली विद्यापीठं चालवून घेतात ते एकेकाला विचारावं लागेल. कमी पडलं तर प्रौढांसाठी एका वर्षाचा ‘ॲक्सेस’ डिप्लोमा आहे. आणखी एक वाट आहे, डिग्री अॅप्रेंटिसशिपची: नोकरी करत, पगार घेत पदवी. जागा कमी, चुरस जास्त, पण असिस्टंट म्हणून आधी काम केलेल्या मुलाचं तिथे वजन पडतं. नेहमीच्या पदवीला जाणाऱ्यांना इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, निधीतून वर्षाला ५,००० पौंड मिळतात. ते परत करावे लागत नाहीत. खेळाडूंच्या शिक्षणाला आणि मनाच्या आधाराला ‘रग्बी लीग केअर्स’ ही संस्था मदत करते. क्लबमध्ये खेळाडूंच्या कल्याणासाठी नेमलेली व्यक्ती असेल, तर तिच्याशी त्याने करार संपायच्या आत बोलावं. करार संपला की फोन उचलणारी माणसं कमी होतात.

मुलाखतीत ते विचारतील, ‘फिजिओच का?’ बहुतेक खेळाडू स्वतःच्या दुखापतीची गोष्ट सांगतात. समोर बसलेल्यांनी त्या दिवशी तशा सहा ऐकलेल्या असतात. असिस्टंट म्हणून भेटलेल्या एका रुग्णाची गोष्ट त्याने सांगावी, नाव न घेता.

हे वाचणाऱ्या इकडच्या कबड्डी, खो-खो, कुस्तीच्या मुलामुलींच्या आई-वडिलांनाही एक सांगते. आपल्याकडे फिजिओथेरपीला बारावीला जीवशास्त्र लागतं, आणि महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. ‘खेळाडू आहे, आर्ट्स घेऊ दे, सरावाला वेळ मिळेल’ असं अकरावीत ठरवलं, की हे दार तिथेच बंद होतं. पुढे पाय मोडल्यावर ते उघडायला फार यातायात पडते. तालमीतले वस्ताद सांधा बघतात, मलम लावतात, त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे. पण फाटलेला बंध बोटांनी बसत नाही. गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा पायऱ्या उतरताना दगा देऊ लागला, तर त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पुढच्या स्पर्धेनंतर नको. कबड्डीत चढाई करताना एका पायावर गर्रकन वळलं की जे होतं, तेच या मुलाचं झालं आहे.

ताई, राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. जर्सी काढू नका. तो घरी नसताना तर नकोच. परत आल्यावर रिकामी भिंत दिसली, तर आपल्याला न विचारता कुणीतरी आपला खेळ संपवून टाकला असं त्याला वाटेल. त्याच्या क्लबने एकदा ते केलेलंच आहे. तो बघत बसतो, बसू दे. चहा घेऊन जा, शेजारी बसा, आणि एकेका जर्सीबद्दल विचारा: ही कुठल्या सामन्याची, त्या दिवशी पाऊस होता का, बाबा कुठे उभे होते. एखादी तो आपणहून खाली उतरवेल. घडी घालून ती तुमच्या हातात देईल तेव्हा कुठे ठेवायची, हेही त्यालाच विचारा.